खोडरबरवाली

आमच्या वाचनालयात शेवटी शेवटी कोणी पुस्तक मागत नसे. मागायचे ते वाय-फायचा पासवर्ड, पंख्याखालची जागा आणि मोबाइल चार्ज करायला बोर्ड. लातूरच्या त्या सार्वजनिक वाचनालयात मी सगळी नोकरी काढली, ग्रंथपाल म्हणून. शेवटच्या वर्षी डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या एका पोराने टेबलावरची पाटी वाचून विचारलं, "ग्रंथपाल म्हणजे काय मॅम, वॉचमन का?" राग यायला पाहिजे होता. आला नाही. दमले होते. आणि त्याचं फारसं चुकलंही नव्हतं, पण ते मला नंतर कळलं.

मी लागले तेव्हा हॉल एकच होता. तीन लांब टेबलं, पेपरांचे स्टँड, आणि भिंतीला लागून कपाटं. सकाळी पेन्शनर यायचे, ते मृत्यूच्या बातम्या आधी वाचायचे. दुपारी बायका यायच्या. त्या कादंबऱ्या न्यायच्या पिशवीत मेथीच्या जुडीखाली दडवून, कारण वाचत बसणं म्हणजे घरात काम नसणं, असं सासवांचं मत. एक बाई तर पुस्तक परत द्यायला आली की पानापानांतून हळदीचा वास यायचा. मी तिला बोलायची. ती हसायची आणि दुसरं घेऊन जायची.

मी तशी कडकच. पुस्तकात कोणी पेन्सिल चालवली की माझं डोकंच फिरायचं. मे महिन्यात गर्दी ओसरली की मी एकेक कपाट रिकामं करायची आणि खोडरबर घेऊन बसायची. समासात लोक काय काय लिहितात. "वा वा." "हे खोटं आहे." "इथे मी रडले." कुणाचा तरी बदाम आणि त्यात घुसलेला बाण. सगळं साफ करायची. संध्याकाळपर्यंत टेबलावर रबराचा काळा चुरा साठायचा, तो फडक्याने पुसला की मला दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटायचं. सभासद माझ्यामागे मला खोडरबरवाली म्हणायचे. मला ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं. एक मात्र सांगते. खोडताना मी वाचत नसे. वाचत बसलं की हात थांबतो आणि कपाट काही संपत नाही.

मग भूकंप झाला. त्यावर मी फार लिहिणार नाही. ज्यांचं गेलं त्यांनी बोलावं, आमच्या घराला नुसत्या दोन भेगा पडल्या. पण औशाच्या पलीकडची गावं बसली. दोन-तीन महिन्यांनी मदतकार्यातल्या कुणाच्या तरी जीपमधून आमच्याकडे एक पोतं आलं. पोत्यात पुस्तकं. एका गावात शाळेचे मास्तर स्वतःच्या घरात लहानसं वाचनालय चालवत होते, वाचनालय कसलं, एक लोखंडी कपाट. घर बसलं. मास्तर गेले, त्यांची बायको गेली, धाकटी मुलगी गेली. कपाट चेपलं, पण आतली पुस्तकं राहिली. गावात माणसांनाच छप्पर नव्हतं, म्हणून पुस्तकं आमच्या गळ्यात.

मी ती रजिस्टरात चढवली. प्रत्येकाला दाखल क्रमांक दिला, शिक्के मारले, माती झटकली. उघडून बघते तर समासभर पेन्सिल. मास्तर असून पुस्तकांची ही गत करतात, असं मी मनात म्हणाले. मेलेल्या माणसाबद्दल म्हणाले. मे महिन्याची वाटसुद्धा बघितली नाही, लगेच खोडरबर काढलं.

पोत्यातली बाकीची साफ झाली होती आणि शेवटचं हातात होतं. जाडजूड ऐतिहासिक कादंबरी, पाठीला खाकी कापड शिवलेलं. तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. बावीस-तेवीसची असेल. कडेवर लेकरू.

"मास्तराची थोरली हाय मी," ती म्हणाली. "चाकूरला दिलेली. वडलाची पुस्तकं हितं आल्यात म्हनं."

मी तिला बसायला सांगितलं. तिने लेकरू खाली सोडलं आणि माझ्या हातातलं पुस्तक न विचारताच घेतलं. पानं उलटत गेली आणि एका ठिकाणी बोट ठेवून मला वाचून दाखवायला लागली. तिने सांगितलं, मास्तर रोज दिवस मावळताना मारुतीच्या पारावर बसून गावाला पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचे. जिथे थांबतील तिथे समासात पेन्सिलीने खूण करायची, म्हणजे उद्या तिथून पुढे. खुणेबरोबर त्या दिवसाचं काहीतरी लिहायचं, ही त्यांची पद्धत.

"येथे थांबलो. कंदिलातलं तेल संपलं." हे एक. "पाऊस. चौघेच आले. तरी वाचलं." हे दुसरं. "आज कोणी आलं नाही, ज्वारीची काढणी." मग दोन-चार पानांनी नुसतंच, "थोरली हसली."

"ही मी," ती म्हणाली. आणि मग तिचं तोंड वाकडं झालं. मी लेकराकडे बघत राहिले.

थोड्या वेळाने तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "बाकीच्यात बी असंल की?"

बाकीची पुस्तकं माझ्या कोपराशी होती. त्यांच्याशेजारी रबराचा चुरा होता, मी तो अजून पुसला नव्हता. "बाकीच्यांत काही नव्हतं," मी म्हणाले. तिने चुऱ्याकडे बघितलं का नाही, मला आजही सांगता येणार नाही. तिने परत विचारलं नाही.

जाताना म्हणाली, "बाई, एवढं एक द्या की मला."

मी म्हणाले, देता येत नाही. रजिस्टरात दाखल झालंय, क्रमांक पडलाय, आता ती संस्थेची मालमत्ता. हे सगळं मी तिला पेन फिरवत समजावून सांगितलं. आज विचार करते, एक ओळ खोडायची होती रजिस्टरातली. सगळी हयात खोडण्यात घालवली आणि तेवढी एक ओळ मला खोडवली नाही.

ती भांडली नाही. "बरं," म्हणाली. "तसं बी माझ्या घरी लेकरं फाडतील. तुमच्यापाशी नीट ऱ्हाईल."

तेव्हापासून गणपती उठले की काही दिवसांनी ती यायची. चाकूरची सकाळची एसटी धरून. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत समास बघत जायची. छापलेलं वाचायची नाही, फक्त कडा. मध्येच थांबायची, हसायची, कधी डोळे पुसायची. दुपारी व्हरांड्यात भाकरी खायची, मला चटणी द्यायची, चारच्या गाडीने परत. त्या पुस्तकावर मी "फक्त वाचनालयात" असा शिक्का मारला होता, म्हणजे ते कोणी घरी नेऊ शकणार नाही. ती पाणी मागायला आली की मी म्हणायची, "आहे हो तुमचं पुस्तक, जागेवर आहे." मला त्याचा मोठा गर्व होता.

वर्षं अशी गेली आणि आमचं शहर क्लासचं शहर झालं. गल्लोगल्ली बोर्ड लागले, बोर्डांवर पोरांचे फोटो, फोटोंखाली मार्क. नांदेड, देगलूर, उदगीर, पार विदर्भातून पोरं यायला लागली. ज्यांच्या घरी जास्तीची खोली होती त्यांनी ती भाड्याने दिली, नव्हती त्यांनी बांधली. पहिल्यांदा झेरॉक्सवाले आले. आमच्याकडून पुस्तक न्यायचं, हवी तेवढी पानं काढायची, तासाभरात परत. पुस्तकाच्या पाठीची शिवण मशीनवर दाबून दाबून उसवायची. मी ओरडायची. मग झेरॉक्सही गेलं. पोरं उभ्या उभ्या मोबाइलने पानाचा फोटो काढायची आणि पुस्तक टेबलावर उघडंच टाकून जायची. मग फोटोही बंद. "मॅम, पीडीएफ हाय का?" नाही म्हटलं की विषय संपला. कानात बोंडं घालून क्लासच्या सरांचे व्हिडिओ बघायची, तेही दुप्पट वेगाने. मी एकीला विचारलं, अगं एवढ्या घाईत समजतं का. ती म्हणाली, "मॅम, साध्या स्पीडनं बघितलं तर झोप येते."

मी त्यांना नावं ठेवायची, घरीदारी, जो भेटेल त्याच्याजवळ. वाचनच राहिलं नाही, असं म्हणायची. आणि रात्री अंथरुणावर पडून मीही फोनच बघत असायची. कुणाकुणाचे सकाळचे सुविचार, कुणाच्या नातवाचा नाच. उशाशी ठेवलेल्या पुस्तकावर चष्मा ठेवायची मी. तेवढाच त्याचा उपयोग.

त्या मास्तरांच्या लेकीला मी एकदा म्हणाले होते, "ताई, तुमच्या पोराकडे मोबाइल असेल. पानांचे फोटो काढून घ्या, म्हणजे दरवर्षी हेलपाटा नको." तिचे गुडघे दुखायला लागले होते तेव्हा.

ती म्हणाली, "कामून? पुस्तक हाय की तुमच्यापाशी. तुमी सांभाळून ठिवलंय."

मग आमच्या कमिटीने ठरवलं की वाचनालयाची अभ्यासिका करायची. पोरांना बसायला जागा लागते, पुस्तकांना कोण विचारतंय. आमचे चिटणीस म्हणजे वाचनालयाचं सगळं बघणारे गृहस्थ, माणूस वाईट नव्हता. त्यांनी खरंच मला विचारलं, "बाई, मागच्या वर्षी या कपाटातून किती पुस्तकं गेली, सांगा." मी सांगू शकले नाही, कारण एकही गेलं नव्हतं. जुनी, जीर्ण पुस्तकं मशीनवर घालून कॉम्प्युटरात साठवायची, आणि मूळ प्रती बाद करायच्या, म्हणजे तेवढी कपाटं हलतील आणि टेबलं मांडता येतील, असं ठरलं. मी सभेत काही बोलले नाही. माझी दोन वर्षं राहिली होती निवृत्तीला आणि मला रोज ओरडायचा कंटाळा आला होता.

नांदेडहून एक मशीनवाला आला. मशीन म्हणजे झेरॉक्ससारखंच, पण त्यात सुटी पानं घातली की भराभरा ओढून घेतं. पानं सुटी व्हायची तर पुस्तकाची पाठ कापायला लागते. बाइंडरकडचं मोठं कटर आणलं होतं. एक दाब दिला की पाठ बाजूला आणि पुस्तकाचा नुसता गठ्ठा. मला वाटलं होतं बघवणार नाही. पहिल्या दिवशी नाहीच बघवलं, दुसऱ्या दिवशी बघवलं, तिसऱ्या दिवशी मी चहा पीत बघत होते.

कामाला लागण्याआधी मशीनवाल्याने मला एक विचारलं होतं. "मॅडम, पानांवरचे डाग, पेन्सिलीच्या रेघोट्या, ते दिसू द्यायचं का काढायचं? मशीनमधी सेटिंग असतं. काढायचं म्हटलं तर पान एकदम नव्यासारखं येतं."

मी म्हणाले, "काढा. सगळं काढा." मला फार आनंद झाला होता. जे करायला माझे तीस उन्हाळे गेले ते हा माणूस एक बटण दाबून करणार होता.

बाद करायच्या पुस्तकांच्या याद्या माझ्यासमोर आल्या. आमच्याकडे यादी नेहमी दाखल क्रमांकांची, नाव लिहायची पद्धत नाही. क्रमांकाखाली क्रमांक, पानंच्या पानं. प्रत्येक पानाखाली माझी सही. मी सह्या करत गेले. मास्तरांच्या लेकीचं पुस्तक मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवू शकले असते. पण ते नेहमी आपल्या क्रमांकाच्या जागी असायला पाहिजे, हाच माझा नियम होता ना. ते जागेवर होतं, म्हणून ते यादीत आलं.

मधली काही वर्षं ती आली नव्हती. आधी कोरोना होता, मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी निवृत्त व्हायच्या आधीच्या गणपतीनंतर एका सकाळी ती दारात दिसली. काठी घेऊन. केस पांढरे. हॉलमध्ये टेबलांना पार्टिशन लागली होती, प्रत्येक खणात एक पोरगं मान घालून बसलेलं. तिची खिडकीजवळची खुर्ची नव्हती. ती माझ्याकडे आली आणि नेहमीसारखं हसली.

"लई बदललं की वो बाई," ती म्हणाली. "माझं पुस्तक?"

तेव्हा मला आठवलं. त्याआधी नाही. सह्या केल्या त्या दिवशी नाही, कापलेल्या पुस्तकांचे गठ्ठे रद्दीच्या टेंपोत भरले त्या दिवशी नाही. ती समोर उभी राहिली तेव्हा.  मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं आणि कॉम्प्युटरवर ते पुस्तक काढून दिलं. म्हणजे मी आशा धरून होते. वाटलं, मशीनच आहे, एखाद-दुसरं राहिलं असेल.

पान स्वच्छ होतं. अक्षरं काळी कुळकुळीत, समास पांढरे. पुढचं पान, त्याच्या पुढचं. ती चष्मा वर-खाली करत बघत होती. पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "हितं व्हतं. तेल संपलेलं." मग आणखी पुढे. "हितं पाऊस व्हता." तिला वाटत होतं की तिच्याच डोळ्यांचा दोष आहे. "बाई, जरा मोठं करा की," ती म्हणाली. मी मोठं केलं. पांढरं अजून मोठं झालं.

मी तिला सगळं सांगितलं. कटर, यादी, सही. पेन्सिल काढा म्हणून मीच सांगितलं, तेही सांगितलं. आणि इतक्या वर्षांनी तेही सांगितलं की बाकीच्या पुस्तकांत होतं, ते मी खोडलं होतं. तिने मला शिव्या द्याव्यात असं मला वाटत होतं. शेजारच्या खणातल्या पोरीने कानातलं बोंड काढून आमच्याकडे बघितलं आणि परत घातलं.

तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाली, "मागितलं व्हतं मी तुमाला."

"हो," मी म्हणाले.

"छापून देता का मला हे?"

मी सगळं पुस्तक प्रिंटरवर काढलं. कागदाचा गठ्ठा झाला, गरम गरम. तिच्या बोटांना आता कंप होता, म्हणून ती म्हणाली, मी सांगते, तुमी लिवा. मी खणातून पेन्सिल घेतली. पुस्तकाच्या पानावर पेन्सिल टेकवताना माझा हात खरंच अडला. सगळ्या जन्मात मी तसं केलं नव्हतं. ती पान बघायची, डोळे मिटायची आणि सांगायची, मी समासात लिहायची. येथे थांबलो, कंदिलातलं तेल संपलं. पाऊस, चौघेच आले, तरी वाचलं. थोरली हसली. तिला पुष्कळ आठवत होतं. दुपार झाली, तिने भाकरी सोडली नाही, मी चहा मागवला नाही.

"तुमचं अक्षर लई सुंदर हाय," मध्येच ती म्हणाली. "त्येंचं असं नव्हतं. त्येंचं पळायचं." मी पुढचं पान ओढलं.

पुस्तक निम्म्याच्या पुढे गेलं तेव्हा एका पानावर ती थांबली. डोळे मिटले. उघडले. परत मिटले. बोटाने समासातली जागा दाखवली, वर उजवीकडे.

"हितं धाकटीचं व्हतं," ती म्हणाली. "सगळ्या पुस्तकात तिचं एकदाच हाय, हितं. चार-पाच शब्द व्हते, एवढे." तिने दोन बोटांत लांबी दाखवली. "आत्ता तोंडावर व्हतं. थांबा."

मी थांबले. तिचे ओठ हलत होते. मग तिने माझ्याकडे बघितलं, अगदी साधेपणाने, आशेने.

"बाई, तुमाला ठावं असंल की. मी वर्षातनं एकदा यायची. तुमच्यापाशी तर रोजच व्हतं ते. काय लिवलं व्हतं वो धाकटीचं?"

ते पुस्तक माझ्यापासून चार पावलांवर होतं, इतकी वर्षं. त्याच्यावरची धूळ मी पुसली होती, शिक्का मारला होता, दर वर्षी मोजणीत त्याच्या क्रमांकापुढे टिंब दिलं होतं. पोरं वाचत नाहीत म्हणून साऱ्या जगाला ऐकवत होते मी. तिने पहिल्या दिवशी जेवढं वाचून दाखवलं तेवढंच मला माहीत होतं. नंतर मी ते एकदाही उघडलं नव्हतं.

"मी वाचलं नाही," मी म्हणाले. "कधीच वाचलं नाही, ताई."

तिने मान हलवली. गठ्ठा स्वतःकडे थोडा ओढला, ती जागा परत बघितली.

"मग तेवढी जागा मोकळी सोडा," ती म्हणाली, आणि पान उलटलं.